शिष्यवृत्तीतली वृत्ती

आमच्या साताऱ्यातल्या एका व्याख्यानमालेच्या समितीत गेला महिनाभर एका शब्दावरून भांडण चाललं आहे. यंदाच्या समारोपाला एका निवृत्त प्राथमिक शिक्षकांना मानपत्र द्यायचं ठरलं. हे गुरुजी तीस वर्षं, आधी सायकलवर आणि आता मुलाच्या जुन्या स्कूटरवर, कृष्णा-वेण्णेच्या काठाने हिंडून वीरगळ, सतीशिळा, घाटांवरचे आणि विहिरींवरचे शिलालेख उतरवून घेत आहेत. मानपत्राच्या मसुद्यात कुणीतरी ‘विद्वान’ असं लिहिलं आणि माशी शिंकली. कॉलेजात शिकवणारे एक सदस्य म्हणाले, गुरुजींविषयी आदर आहेच, पण विद्वान कसे म्हणता? पीएचडी नाही, मान्यताप्राप्त नियतकालिकात एक लेख नाही. ‘हौशी अभ्यासक’ म्हणा. यावर दुसरे सदस्य उसळले. पदव्या म्हणजे कागदाचे तुकडे, रानात राबणारा शेतकरीच खरा विद्वान, बाकी सगळी पुस्तकी हमाली, असं त्यांचं म्हणणं. तेव्हापासून दोन्ही बाजू आपापलं तेच वाक्य आवाज वाढवून म्हणत आहेत. मीही त्या समितीवर आहे, आणि मला वाटतं, दोघंही भलत्याच जागी खणत आहेत.

माझं म्हणणं असं. विद्वत्ता ही काम करण्याची एक रीत आहे. मी जे सांगते ते कशावरून सांगते, हे उघड ठेवायचं. दुसऱ्याला ते पडताळता यावं अशी सोय करून ठेवायची. आणि चूक दाखवली गेली तर ती लेखी मान्य करायची. ही रीत पदवीबरोबर आपोआप येत नाही आणि पदवी नसली म्हणूनही येत नाही. मात्र ती पाळायला वेळ लागतो, आणि वेळ मिळायला पोटाची सोय लागते. कुणाला विद्वान म्हणावं आणि कुणाला शिकायला पैसे द्यावेत, हे दोन प्रश्न आपण वेगळे करून बसलो आहोत. ते मुळात एकाच शब्दात होते.

तो शब्द म्हणजे स्कॉलरशिप. इंग्रजीत त्याचे दोन अर्थ शेजारी नांदतात: एक विद्याभ्यासातला कस, दुसरा त्यासाठी मिळणारा पैसा. आपल्याकडे तो आला तेव्हा दुसरा अर्थ घरात आला आणि पहिला उंबऱ्याबाहेर राहिला. ‘पोरीला स्कॉलरशिप लागली’ म्हणजे पैसे मिळाले. ‘पोरगं स्कॉलर आहे’ म्हणजे मार्क चांगले पडतात. याहून जास्त आपण त्या शब्दाकडून मागत नाही. पण ज्याने कुणी त्याला ‘शिष्यवृत्ती’ हा मराठी शब्द दिला, त्याने नकळत फार मोठं काम करून ठेवलं. वृत्ती म्हणजे उपजीविका. जोशीपणाची, कुलकर्णीपणाची असायची ती वृत्ती. आणि वृत्ती म्हणजे मनाची ठेवण. शिष्याचं पोट आणि शिष्याचं मन, दोन्ही त्या एका शब्दात मावतात. मुळाकडे गेलं तर स्कूल आणि स्कॉलर या शब्दांच्या तळाशी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ फुरसत असा आहे. म्हणजे ज्याला पोटासाठी दिवसभर राबावं लागत नाही, तोच शिकू शकतो, ही कबुली त्या शब्दाने पहिल्यापासून दिलेली आहे. आणखी एक शब्द इथे आठवतो, ‘संशोधन’. त्यात शोध आहे असं आपल्याला ऐकताना वाटतं. संस्कृतात तो शुध् धातूवरून आला आहे. शुद्ध करणं, चूक काढून टाकणं. हिंदीत आजही कायद्यातल्या दुरुस्तीला संशोधन म्हणतात. नवं काही सापडण्याआधी जुनं नीट तपासून घेणं, असा त्या शब्दाचा कल आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

या पैशाच्या अर्थाने मनाच्या अर्थाला कसं गिळलं ते मी स्वतः पाहिलं आहे, आणि त्यात माझा हात होता. पंचवीस वर्षं मी शाळेत स्कॉलरशिपचे जादा तास घेतले. तेव्हा परीक्षा चौथी आणि सातवीला असे. २०१६-१७ पासून ती पाचवी-आठवीला गेली. एका सकाळी इतिहासाचा भाग चालू होता. शाहू महाराजांचा राज्याभिषेक, १७०८, सातारा. पहिल्या बाकावरचा जावळीकडचा एक मुलगा उठला आणि म्हणाला, “बाई, हे कुठं लिहून ठेवलंय?” मी म्हटलं, “गाइडात आहे की.” तो म्हणाला, “तसं नव्हं. गाइडवाल्याला कुणी सांगितलं?” मी घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, “तू आधी वर्तुळ नीट काळं करायला शीक.” त्याला पुढे स्कॉलरशिप मिळाली. शाळेच्या फळ्यावर नाव लागलं, पेढे वाटले गेले. त्याने मला पुन्हा तसा प्रश्न मात्र कधी विचारला नाही. त्या सकाळी वर्गात विद्वत्ता उभी राहिली होती, आणि मी तिला बसवलं. परीक्षेवर सगळा दोष ढकलण्यात अर्थ नाही. गरिबाच्या मुलाला तीनशे मार्कांच्या त्या दोन पेपरांनी आत्मविश्वास दिला हे मी पाहिलेलं आहे. शिवाय आठवीच्या पेपरात काही प्रश्नांची चारपैकी दोन उत्तरं बरोबर असायची, हा नियम मला मनापासून आवडायचा. एका प्रश्नाला एकच उत्तर नसू शकतं, एवढं तरी मुलाच्या कानावर पडायचं. पण उत्तर आलं कुठून, हे विचारायला त्या वर्तुळांत जागा नाही, आणि आम्ही शिकवणाऱ्यांनी ती वर्गातही ठेवली नाही.

आता कॉलेजातल्या सरांचं म्हणणं. ते मी हलकं धरत नाही. ते म्हणतात, पदवीची चाळणी काढून टाकली तर उद्या मोबाइलवर फिरणारा कुठलाही मजकूर इतिहास म्हणून खपेल. हे खरंच होत आहे. लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर शिलालेख आहे. त्यात वीरूबाईंचं नाव आहे, शके १६४१ ते १६४६ असा काळ कोरलेला आहे. एवढं दगडात लिहिलेलं असताना तिथेच उभं राहून त्या विहिरीविषयी मनाला येईल ते छातीठोकपणे सांगणारी माणसं मला भेटली आहेत. विद्यापीठ शिकवतं काय? साधन कसं वाचायचं, आधी कुणी काय म्हटलं ते कसं पाहायचं, आपल्या मताविरुद्धचा पुरावा कसा लपवायचा नाही. शिवाय चार समव्यवसायी आपलं लिखाण वाचून ‘हे पटत नाही’ म्हणतात. एकट्याने काम करणाऱ्याला हे मिळत नाही, आणि त्याची किंमत मोठी असते. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांसारखा माणूस घ्या. १९१० साली पुण्यात त्यांनी ज्या इतिहास मंडळाची स्थापना केली त्याच्यापासूनही ते पुढे बाजूला झाले. त्यांच्या कित्येक व्युत्पत्ती आज कुणी मान्य करत नाही. बुद्धी अफाट, पण ‘थांबा, हे जुळत नाही’ म्हणणारं जवळ कुणी टिकलं नाही. हौशीपणाचा हा धोका नाकारून चालणार नाही.

पण राजवाड्यांचंच उदाहरण शेवटापर्यंत न्यावं. वाईला एरंड्यांच्या दप्तरातले कागद त्यांना मिळाले, आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. पुढे बावीस खंड झाले. त्यांची अनुमानं पडली तरी ते खंड का उभे राहिले? कारण अनुमानाच्या शेजारी त्यांनी मूळ कागद छापून ठेवला. त्यांना खोडून काढायची हत्यारं त्यांनी स्वतःच वाचकाच्या हातात दिली. माझ्या मते विद्वत्तेची सगळ्यात कडक कसोटी हीच आहे, आणि ती राजवाड्यांच्या चुकांमुळेच आपल्याला दिसते. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळेत संस्कृत शिकवायचे. शाळा सांभाळून त्यांनी पटवर्धन सरदारांची दप्तरं वाचली आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड एकामागून एक काढले. १९२४ साली ते गेले. उत्तर पेशवाईवर लिहिणाऱ्याला आजही त्या खंडांपाशी यावंच लागतं. मिरजेच्या त्या शाळामास्तरांना आपल्या समितीने काय म्हटलं असतं? हौशी अभ्यासक?

उलट बाजूला पाहा. २०१० च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीला गुण लावले: शोधनिबंधाला इतके, परिषदेला इतके. हेतू वाईट नव्हता. परिणाम काय झाला ते कुठल्याही स्टाफरूममध्ये विचारा. पैसे भरले की आठवड्यात लेख छापून देणारी नियतकालिकं पावसाळी छत्र्यांसारखी उगवली, इतकी की मान्य नियतकालिकांची वेगळी यादी करणं आयोगालाच भाग पडलं. त्यातले पुष्कळ निबंध कुणी वाचत नाही. तपासायला म्हणून तर नाहीच नाही. मग हे कागद विद्वत्तेचा पुरावा कसे? मी प्राध्यापकांना दूषण देत नाही. तासिका तत्त्वावरच्या चार-चार नोकऱ्या करून, तीन गावं पालथी घालून शिकवणारी माझी विद्यार्थिनी रात्री अकराला निबंध लिहायला बसते, तेव्हा तिच्याकडून व्यासंगाची अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची? अमेरिकेत अर्नेस्ट बॉयर या शिक्षणतज्ज्ञांनी १९९० सालीच विद्यापीठांना सांगितलं होतं की नव्या शोधाइतकंच, वेगवेगळ्या शाखांतलं ज्ञान जोडणं, ते व्यवहारात उतरवणं आणि ते उत्तम शिकवणं हेही विद्वत्तेतच धरा. विद्यापीठाच्या आतूनच तो शब्द रुंद करायची मागणी झाली होती. आपण तो गुणांच्या तक्त्यात बसवून अरुंद केला.

दुसऱ्या सदस्यांचा राग मला जास्त जवळचा आहे, म्हणून त्यांच्याशी जास्त बोलायला हवं. ते म्हणतात, विद्वान हा शब्दच माणसांना दाराबाहेर ठेवायला वापरला गेला. यात खोटं काय आहे? पेशवाईत श्रावणात पुण्याला दक्षिणा वाटली जाई. ती विद्येचा सन्मान म्हणूनच होती, आणि ती फक्त ब्राह्मणांना होती. आजच्या भाषेत ती त्या काळची शिष्यवृत्ती. कंपनी सरकारनेही ती चालू ठेवली. १८४९ साली पुण्यातल्या काही सुधारकांनी अर्ज केला की या रकमेतला काही भाग मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्या, मग तो कुठल्याही जातीचा असो. केवढं वादळ उठलं! जुन्या शास्त्रीमंडळींना वाटलं, विद्याच बुडाली. त्यातून पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी आली, कॉलेजांतले दक्षिणा फेलो आले. रानडे आणि भांडारकर हे दोघंही दक्षिणा फेलो होते. पैसा तोच, पण कुणाला आणि कशासाठी द्यायचा, याचं उत्तर बदललं आणि एका पिढीत महाराष्ट्राची बौद्धिक घडण पालटली. तरीही दार किती उघडलं? जोतिराव फुल्यांचं मूळ घराणं आमच्या जिल्ह्यातल्या कटगुणचं, सावित्रीबाईंचा जन्म नायगावचा. १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतिरावांना सांगावं लागलं की शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरच्यांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. शिकण्याचा ‘अधिकार’ कुणाला, या एका शब्दाने या देशात जितकी माणसं अडाणी ठेवली तितकी दुष्काळानेही ठेवली नसतील. ज्याच्या आज्याला पाटी मिळाली नाही त्याला ‘विद्वान’ ऐकून चीड येते, ती चीड खरी आहे.

त्यांचा दुसरा मुद्दाही खरा आहे: पुष्कळ ज्ञान पुस्तकाबाहेर असतं. तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या एका बागायतदाराने आपल्या थॉमसन सीडलेसच्या बागेत वेगळा दिसणारा एक वेल हेरला आणि त्यातून ‘तास-ए-गणेश’ हे वाण आलं. मिरजेत मंगळवेढ्याकडच्या भोपळ्याचा तंबोरा घडवून तारांखालच्या घोडीवर कानस फिरवत जवारी लावणारा, म्हणजे तारेचा झंकार खुलवणारा कारागीर जे ऐकतो, ते आपल्या कानांना ऐकूच येत नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या त्या ज्ञानाची सरकारदरबारी नोंद झाली. अशा माणसापुढे कुठल्याही डॉक्टरेटने नम्रच व्हावं.

पण म्हणून त्याला विद्वान म्हणायचं का? इथे मी थांबते. मराठीने त्याच्यासाठी किती सुंदर शब्द घडवून ठेवलेत! जाणकार, माहीतगार, कसबी, गुणी, उस्ताद. जुन्या पिढीला नुसतं ऐकून बहुत काही ठाऊक असे, तिला बहुश्रुत म्हणत. वाचनात बुडालेल्याला व्यासंगी म्हणत. व्यासंग म्हणजे चिकटून राहणं. आणि पढून शहाणपण न आलेल्याला आमच्या सज्जनगडच्या समर्थांनी दासबोधात पढतमूर्ख म्हणून ठेवलं आहे. इतके शब्द असताना सगळ्यांना एकाच शब्दाच्या गोणीत कोंबायचं कशासाठी? कारागिराला विद्वान म्हणून आपण त्याला वर चढवत नाही. विद्वान ही पायरी वरची आहे, हा जुना समजच पुन्हा पक्का करतो. कसबी हा शब्द कमी कधीपासून झाला? जवारी लावणाऱ्याचा पुरावा तंबोऱ्यातून ऐकू येतो, त्याला तळटीप लागत नाही. इतिहास सांगणाऱ्याचा पुरावा ऐकू येत नाही, म्हणून त्याला तो दाखवावा लागतो. दोघांच्या जबाबदाऱ्या निराळ्या आहेत, म्हणून शब्द निराळे आहेत.

आणि पुराव्याची ही रीत वरच्यांची मिरास आहे, हे मला मान्य नाही. ती दाराबाहेरच्यांचं हत्यार आहे. ग्रँट डफ साताऱ्याला कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. छत्रपतींचे कागद त्याच्या हाताशी होते. १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास निघाला. सत्ता त्याची, भाषा त्याची, छापखाना त्याचा. त्यानंतर चाळीस वर्षांनी, १८६७ साली, नीळकंठ जनार्दन कीर्तने या विशीतल्या तरुणाने पुण्यात एक निबंध वाचला आणि डफच्या श्रमांची कदर करूनच त्याच्या उणिवा एकेक करून मांडल्या. गुलाम देशातला एक तरुण राज्यकर्त्यांच्या इतिहासाला ‘हे कशावरून?’ विचारू शकला, कारण त्या प्रश्नापुढे हुद्दा चालत नाही. यावर आमचे सदस्य लगेच म्हणतील, कीर्तने शिकले-सवरले होते, त्यांच्या घरात पाटी-पुस्तक होतं. बरोबर आहे. हा प्रश्न विचारायला तुम्ही कोण हे पाहिलं जात नाही, पण तो विचारता येण्याइतकं शिकायला मिळालं का, हे मात्र पाहावंच लागतं.

इथे शिष्यवृत्तीचे दोन्ही अर्थ एकत्र येतात. आमच्या राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी या नावाने एका मुलाचं नाव दाखल झालं. आज त्या दिवसाला महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणतात. तेरा वर्षांनी सयाजीराव गायकवाडांनी त्याच भीमरावांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ही गोष्ट आपण नेहमी सांगतो, पण पैशापाशी थांबतो. मला त्यांची वृत्ती सांगायची आहे. १९४८ साली अस्पृश्यतेच्या मुळाविषयी ग्रंथ लिहिताना, ज्या विषयाने त्यांचं आयुष्य जाळलं त्याविषयी लिहितानाही, प्रस्तावनेत ते सांगतात की पुराव्याचे काही दुवे निसटलेले आहेत आणि आपली उपपत्ती हा शेवटचा शब्द आहे असा आपला दावा नाही. ज्याला चिडायचा सगळ्यात जास्त हक्क होता, त्याने आपलं म्हणणं तपासायला खुलं ठेवलं. विद्वत्ता म्हणजे वरच्यांचा खेळ असं म्हणणाऱ्यांनी ही प्रस्तावना एकदा शांतपणे वाचावी, एवढी माझी विनंती आहे.

तरी या उदाहरणाने वाद जिंकायचा मोह मी आवरते. डिसेंबर २०२३ मध्ये विधान परिषदेत मराठा-कुणबी समाजासाठीच्या ‘सारथी’ या सरकारी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला तेव्हा ‘पीएचडी करून काय दिवे लावणार?’ असा सवाल केला गेला, आणि उत्तर म्हणून सगळ्यांनी बाबासाहेबांचं नाव घेतलं. ते उत्तर पुरेसं नाही. प्रत्येक फेलोशिपमधून आंबेडकर निघत नाहीत; कपाटात धूळ खाणारे प्रबंध पुष्कळ आहेत; लोकांच्या पैशाचा हिशेब मागणं गैर नाही. पण हिशेब कुठला मागायचा? नोकरी लागली का, एवढाच? की त्या मुलाने जे लिहिलं ते पडताळण्यासारखं आहे का, त्याची साधनं पुढच्याला उपयोगी पडतील अशी ठेवली आहेत का, हा? दुसरा हिशेब कुणी मागतच नाही, कारण तो मागायला प्रबंध वाचावा लागतो.

भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झाले नव्हते. १९१९ साली कराडजवळच्या काल्याला त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्याला आणली, १९२७ साली इथल्या बोर्डिंगात गांधीजी येऊन गेले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. ही शिष्यवृत्ती होती, जगातली कुठलीही असू शकेल तेवढी खरी. पण भाऊरावांनी मुलाला नुसतं जेवण दिलं नाही. त्याने राबावं आणि मिंधं राहू नये, असा हट्ट धरला. ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ यात माझ्या मते प्रश्न विचारण्याचं स्वातंत्र्यही येतं. जो मिंधा आहे तो ‘कशावरून?’ म्हणू शकत नाही, देणाऱ्याला तर नाहीच.

आणि वृत्ती एकट्याची नसते, तिचंही वसतिगृह असतं. वाईच्या प्राज्ञपाठशाळेत केवलानंद सरस्वतींच्या हाताखाली शिकलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी इंग्रजी विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. अस्पृश्यतेच्या बाजूने शास्त्र उभं केलं जात होतं तेव्हा त्यांनी शास्त्रातूनच त्याला उत्तर दिलं. मराठीतला पहिला साहित्य अकादमी पुरस्कार १९५५ साली त्यांना मिळाला. आणि पुढे मराठी विश्वकोशाचं काम त्यांनी वाईत बसवलं. १९७६ ला पहिला खंड आला. मी विद्यार्थिदशेत एकदा ते कार्यालय पाहायला गेले होते. एक नोंद एकजण लिहितो, दुसरा तपासतो, तिसरा भाषा पाहतो, चौथा संदर्भ. टेबलावरून टेबलावर जाताना त्या कागदावर खाडाखोड वाढत होती आणि कुणाच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एका छोट्या तालुक्याच्या गावात इतकी माणसं पगारावर बसून एकमेकांच्या चुका काढत होती आणि राज्य त्याचे पैसे देत होतं. पोट आणि मन एका छताखाली, अगदी त्या शब्दात आहेत तसे.

मानपत्राचा मसुदा पुन्हा लिहायचं काम आता माझ्याकडे आलं आहे, म्हणून परवा मी गुरुजींच्या घरी गेले. त्यांनी कपाटातून वह्या काढल्या, फुलस्केपच्या, पुठ्ठ्याला दोरा ओवलेल्या. प्रत्येक लेखाचं ठिकाण, उतरवलेली तारीख, अक्षरं झिजली तिथे टिंबं, आणि समासात ‘हे वाचन नक्की नाही’. एका लहान देवळाच्या पायरीवरच्या लेखाची नोंद होती: शके १६९१, माघ. त्यापुढे इसवी सन १७६९ असं निळ्या शाईत लिहून खोडलं होतं आणि खाली लाल शाईत होतं: ‘शकात ७८ मिळवले, ही चूक. शक चैत्रात बदलतो, महिना माघ आहे, म्हणून ७९ मिळवायला हवे. १७७० वाचावे.’ मी विचारलं, कुणी दाखवलं? गुरुजी म्हणाले, “एक पोरगी आली होती वह्या बघायला, एफवायबीएची. म्हणाली, आजोबा, माघ तर जानेवारीत येतो.” लाल ओळीच्या शेवटी त्या मुलीचं पूर्ण नाव, गाव आणि तारीख लिहिलेली होती.